दहावा शब्द

पहाटे साडेपाचला फोन वाजायचा आणि पलीकडून चष्मेवाले काका एकच प्रश्न विचारायचे, "निघालास का?"

प्लंबर तेव्हा अंथरुणातच असायचा. एक पाय जमिनीवर, दुसरा अजून पांघरुणात.

"निघालो, काका."

"खोटं बोलतोयस. आवाज झोपलेला आहे."

"आवाज झोपलाय. मी निघालोय."

आठ महिने हे असंच चाललं होतं. सुट्टीचा दिवस नाही, ताप नाही, पाहुणे नाहीत. शनिवारी काका फोनला हात लावत नसत, कारण ते ज्यू, आणि त्या दिवशी त्यांच्यात तसलं काहीच करत नाहीत. पण शनिवारी प्लंबर न वाजलेल्या फोनने जागा व्हायचा. बायको पांघरूण डोक्यावरून ओढून म्हणायची, "आपल्या लग्नाच्या दिवशी तुम्ही वीस मिनिटं उशिरा आला होतात. माझ्या अजून लक्षात आहे."

हे सुरू कसं झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल.

चष्मेवाल्या काकांची आई गेली. त्र्याण्णव वर्षांची होती, झोपेतच गेली. ज्यू लोकांच्यात आईवडील गेले की मुलगा अकरा महिने रोज एक प्रार्थना म्हणतो. तिला कद्दिश म्हणतात. ती एकट्याने घरात बसून म्हणता येत नाही. त्यांच्यातले दहा पुरुष एकत्र असले तरच ती म्हणायची, नऊ असले तर गप्प बसायचं. त्या गावात त्यांची घरं फार राहिली नव्हती. जुन्या प्रार्थनाघरात रोज सकाळी यायला काकांना धरून कसेबसे नऊजण कबूल झाले होते. दहावा मिळत नव्हता.

त्या आठवड्यात प्रार्थनाघराच्या दाराशी हात धुण्याचं जे बेसिन आहे त्याचा नळ गळायला लागला. किल्ल्या सांभाळणारे ऐंशी वर्षांचे आजोबा होते, त्यांना सगळे किल्लीवाले म्हणत. त्यांनी प्लंबरला बोलावलं. प्लंबर गुडघ्यावर बसून जुना वॉशर काढत होता आणि आत नऊ माणसं घड्याळाकडे बघत उभी होती. तेवढ्यात किल्लीवाल्यांना त्याच्या आडनावाची आठवण झाली. ते बाहेर आले.

"तुमचं आडनाव आपल्यातलं आहे हो. तुम्ही आपल्यातले का?"

"वडील होते," प्लंबर म्हणाला. "मी बारा वर्षांचा असताना गेले. मला काही येत नाही."

"येण्याची गरज नाही. उभं राहता येतं ना?"

झालं. हातातला पान्हा खाली ठेवून, हात पुसून प्लंबर आत गेला आणि दाराजवळच्या खांबाशी उभा राहिला. त्याला आईबद्दल कुणी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी परक्या माणसाची आई विचारणं बरं दिसत नाही, आणि नऊ माणसं दहाव्याची वाट बघत असताना तर कुणाला ते सुचतही नाही. चूक एवढीच झाली. पण ती चूक दहाव्यासाठी अडलेल्या त्या नऊ माणसांच्याच हातून व्हावी अशी होती.

आत गेल्यावर त्याने दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे ही माणसं माणसांना एक, दोन, तीन असं मोजत नाहीत. किल्लीवाले दहा शब्दांची एक ओळ पुटपुटायचे आणि एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द टाकत जायचे. खांबाशी उभ्या असलेल्या प्लंबरवर शेवटचा शब्द पडायचा, की सगळ्यांचे खांदे खाली यायचे आणि प्रार्थना सुरू व्हायची. दुसरी गोष्ट म्हणजे, प्रार्थनेत एका जागी सगळ्यांनी उजवा हात डोळ्यांवर ठेवला. प्लंबरला एकदम खाटेवर पडलेले आपले वडील दिसले. झोपण्यापूर्वी ते असाच हात डोळ्यांवर ठेवून काहीतरी ओठातल्या ओठात म्हणायचे. लहानपणी त्याला वाटायचं, दिव्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांना खुपतो.

म्हणून तो दुसऱ्या दिवशी आला. आणि तिसऱ्या. मग काकांनी आपल्या वडिलांची मखमली पिशवी त्याला वापरायला दिली. सकाळच्या प्रार्थनेला हाताला आणि कपाळाला बांधायचे चामडी पट्टे तिच्यात होते. पट्टा हाताभोवती कसा गुंडाळायचा हे काका त्याला रोज शिकवत आणि रोज म्हणत, "नळाला टेप गुंडाळतोयस का? हळू."

*

महिन्यामागून महिने गेले तशी प्लंबरला स्वतःची लाज वाटायला लागली. पुस्तक हातात धरायचं, पान उलटायचं आणि वाचता मात्र एक अक्षर येत नाही. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत समाजाने एक वर्ग सुरू केला होता. "आपली ओळख" असं बाहेर फळ्यावर लिहिलेलं होतं. जे आपल्या लोकांपासून तुटले आहेत, ज्यांना अक्षरं येत नाहीत, ज्यांना आपले सण का आणि कसे हे माहीत नाही, अशा कुणीही यावं. मोठ्यांचा वर्ग संध्याकाळी असे, पण संध्याकाळी लोकांचे नळ फार फुटतात. म्हणून प्लंबर मंगळवारी दुपारी मुलांच्या वर्गात बसायला लागला.

शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या बावन्न वर्षांच्या माणसाकडे बघून त्या हसल्या नाहीत, आणि मुलांनाही त्यांनी हसू दिलं नाही. पहिल्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "पेन्सिल आणायची. पेन नाही. चुकल्यावर खोडता आलं पाहिजे."

अक्षरं उजवीकडून डावीकडे जायची. प्लंबरला ते सोपं गेलं. "काही नटांना उलटे आटे असतात तसं," तो म्हणाला. बाईंना आटे समजले नाहीत, पण मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसणारी आठ वर्षांची मुलगी त्याची वही तपासायची आणि "काका, याच्या पोटात ठिपका राहिला" असं बजावायची.

एकदा त्याने बाईंना विचारलं, "किल्लीवाले मोजतात त्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाचा अर्थ काय?"

"कायमचं," बाई म्हणाल्या. "का?"

"तो रोज माझ्यावर पडतो."

त्या दिवशी त्याला ते ऐकून बरं वाटलं होतं.

पुढच्या मंगळवारी बाईंनी फळ्यावर एक झाड काढलं. मुळाशी पणजी, वर आजी, वर आई, वर मूल. "आता सांगा," त्या मुलांना म्हणाल्या, "आपण ज्यू आहोत हे कुणाकडून ठरतं?"

"आईकडून," सगळी मुलं एका सुरात ओरडली. त्यांना ते आधीपासून येत होतं.

"आणि वडिलांकडून काय येतं?"

"आडनाव."

"आणि नाक," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.

"बरोबर. आई आपल्यातली, तर मूल आपल्यातलं. वडील आपल्यातले आणि आई नाही, तर आपल्याकडच्या नियमाने मूल आपल्यातलं धरत नाहीत. सगळीकडे हाच नियम पाळतात असं नाही, पण आपल्या प्रार्थनाघरात हाच आहे. त्याला यायचं असेल तर वाट आहे, पण ती शिकून यायची वाट आहे. आता प्रत्येकाने वहीत आपलं झाड काढा."

मुलं कामाला लागली. प्लंबरने पेन्सिल टेकवली आणि तिथेच थांबला. त्याची आई शेजारच्या गल्लीतली होती. ज्यू नव्हती. तिने वडिलांशी लग्न केलं म्हणून दोन्ही घरं बोलायची बंद झाली होती, एवढंच त्याला माहीत होतं. शेजारच्या मुलीने त्याच्या वहीत डोकावून पाहिलं.

"काका, तुमचं झाड उगवलंच नाही. तुमच्या आईचं नाव काय होतं?"

"विसरलो," प्लंबर म्हणाला.

"आईचं नाव कुणी विसरतं का?"

*

आता त्याची अवस्था बघा. खरं सांगितलं तर उद्यापासून नऊ माणसं. काकांची कद्दिश बंद, आणि गेले आठ महिने म्हटलेली सगळी वाया गेली असं त्यांना वाटणार. न सांगितलं तर रोज सकाळी खोट्या जागी उभं राहायचं. कद्दिश संपायला अजून तीन महिने होते. नळ दुरुस्त करताना असं पुष्कळदा होतं. एक सांधा आवळला की पुढचा गळतो, पुढचा आवळला की भिंतीतला फुटतो. पण तिथे निदान पाण्याची मुख्य तोटी बंद करता येते.

साडेपाचचा फोन वाजत राहिला. पूर्वी त्याला तो फोन म्हणजे कुणीतरी आपली वाट बघतंय असा वाटायचा. आता वाजला की दुसरा पाय पांघरुणातून निघायचा नाही. खांबाशी उभं राहिल्यावर किल्लीवाले शब्द टाकत यायचे, सातवा, आठवा, नववा, आणि प्लंबरला वाटायचं, आत्ता बोलावं. मग काकांचा आवाज यायचा. आईचं नाव मनात धरून ते कद्दिश म्हणत, दर वेळी एकाच जागी त्यांचा आवाज किंचित चिरकत असे, आणि ती जागा येऊन गेली की प्लंबर सुटकेचा श्वास टाकायचा. एक दिवस संपला. असे नव्वद.

त्यातच त्याच्या मुलीला मुलगा झाला. ती दूरच्या शहरात, एक रात्र आणि अर्धा दिवस लागेल एवढ्या अंतरावर. बायको एकटी जाऊन आली. आल्यावर तिने फोनवर नातवाचे फोटो दाखवले आणि म्हणाली, "पोरगी विचारत होती, बाबा कुणाच्या कैदेत आहेत का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, हो. पण कैदी स्वतःच पहाटे उठून आत जातो."

शेवटी तो बाईंकडे गेला. वर्ग सुटला होता, मुलं गेली होती, आणि बाई ओल्या फडक्याने फळा पुसत होत्या. त्याने सगळं सांगितलं. बाईंचा हात थांबला. त्या खुर्चीत बसल्या आणि फडक्याची घडी घालत राहिल्या.

"मला का सांगितलंत?"

"कुणाला तरी सांगायला हवं होतं."

"तुम्ही हलके झालात. आता मी अडकले." बाईंनी फडकं टेबलावर ठेवलं. "त्या नऊ जणांपैकी सहाजणांना मी वाचायला शिकवलंय. मी मागे बायकांच्या जाळीपलीकडे बसते, मला कुणी मोजत नाही. आणि ज्याला पोटातला ठिपका देता येत नव्हता तो माणूस दहावा. मी त्यावर कधी काही बोलले नाही. आणि आता तुम्ही सांगता, की तेही खरं नव्हतं."

प्लंबर समोरच्या छोट्या बाकावर बसला.

"मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. शिकून यायची वाट आहे, ती मी तुम्हाला दाखवीन. वर्ष लागेल, कदाचित दोन. बाहेरगावचे तीन जाणते लोक येतात आणि प्रश्न विचारतात. तुमच्या बायकोलाही विचारतील. पण ती वाट सुरू करायची तर आधी त्या खांबापासून दूर व्हावं लागेल."

"मी दूर झालो तर काकांचं काय?"

"तोच तर प्रश्न आहे."

"दुसरा कुणी मिळाला तर?"

"मिळाला असता तर तुम्हाला नळाखालून ओढून आत नेलं असतं का?"

*

पण प्लंबरच्या धंद्यात एक गोष्ट असते. तो लोकांच्या घरात जातो. त्यांच्या दारातून, स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून. ज्यू घराच्या दाराच्या उजव्या बाजूला, चौकटीवर, बोटाएवढी एक डबी तिरकी बसवलेली असते. तिच्यात चर्मपत्रावर लिहिलेला मजकूर असतो, आणि येता जाता लोक तिला हात लावतात. हे बाईंनीच शिकवलं होतं. बाईंनी शिकवलं नव्हतं ते प्लंबरला आपल्या कामातून कळत होतं. डबी काढून टाकली तरी स्क्रूची भोकं राहतात, एक वर आणि एक खाली, तिरकी. पुट्टी भरली तरी उन्हात ती दिसतात.

तेव्हापासून तो प्रत्येक घरात शिरताना आधी चौकट बघायला लागला. चौकट बघायची, मग नळ. लोकांना वाटायचं, हा वास्तू बघतो की काय. चार आठवडे गेले. एका ठिकाणी भोकं सापडली, पण तिथे नवे भाडेकरू होते. एका ठिकाणी ती घंटीच्या बटणाची निघाली.

पाचव्या आठवड्यात त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या एका टॅक्सीवाल्याने बोलावलं. स्वयंपाकघरातल्या बेसिनचं पाणी जात नव्हतं. चौकटीवर तीन रंगांचे थर होते आणि त्यांच्याखाली बोटभर लांबीचा एक तिरका फुगवटा. डबी काढलीच नव्हती. वरूनच रंग दिला होता.

प्लंबर आत जाऊन बेसिनखाली आडवा झाला. टॅक्सीवाला नुकताच फेरी संपवून आला होता, चहाचा कप घेऊन उभा होता.

"काय अडकलंय?"

"बघतो." प्लंबरचा अर्धा हात नळीत होता. पुढचा प्रश्न त्याला थांबवता आला नाही. "तुमची आई ज्यू होती का हो?"

टॅक्सीवाल्याने कप खाली ठेवला. "मी तुम्हाला नळी साफ करायला बोलावलं. माझी आई कुठून आली मध्येच?"

"होती का?"

"होती. मग? तिच्यामुळे नळी तुंबली?"

"आणि तिची आई?"

"तीही. तुम्ही प्लंबर आहात की पोलीस?"

प्लंबर बेसिनखालून बाहेर आला. हाताला काळा गाळ लागलेला, तसाच जमिनीवर बसून त्याने टॅक्सीवाल्याला काकांची गोष्ट सांगितली. नऊ माणसं, दहावा शब्द, अकरा महिने. स्वतःबद्दलही सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं.

टॅक्सीवाल्याने दाराकडे पाहिलं. "त्या डबीवर मीच रंग दिला," तो म्हणाला. "आई गेली त्या वर्षी. काढायला हात उचलला नाही, आणि ठेवायलाही मन होईना. मी तिच्यासाठी एक दिवसही काही म्हटलं नाही. मला येतच नव्हतं."

"मलाही येत नव्हतं. पोरांच्या वर्गात बसतो."

"तुम्ही?"

"बाक छोटे आहेत. गुडघे दुखतात. बाकी काही नाही."

"माझी फेरी पहाटे सहाला संपते," टॅक्सीवाला म्हणाला. मग लगेच म्हणाला, "मी येतो असं म्हटलेलं नाही. नळीचं काय?"

नळीत चमचा अडकला होता. प्लंबरने तो धुऊन त्याच्या हातात दिला.

पुढच्या मंगळवारी टॅक्सीवाला मुलांच्या वर्गात आला. शेजारच्या मुलीने त्याच्या वहीत डोकावून विचारलं, "काका, तुमच्या आईचं नाव काय?" टॅक्सीवाल्याने नाव सांगितलं, आणि मग तिच्या आईचं, आणि तिच्या आईचंही. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. तोंड फिरवायला त्यांना जरा वेळ लागला.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला टॅक्सी प्रार्थनाघराबाहेर उभी राहिली.

*

त्याच गुरुवारी दुपारी प्लंबर मखमली पिशवी घेऊन चष्म्याच्या दुकानात गेला. काका कुणाच्यातरी चष्म्याचा पेच आवळत होते. दातकोरणीएवढा बारीक पेचकस त्यांच्या बोटांत होता आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात.

"अरे, आज अकरा झालो आपण," ते वर न बघता म्हणाले. "पहिल्यांदा. आता तू एखाद्या दिवशी आजारी पडलास तरी चालेल."

प्लंबरने पिशवी काउंटरवर ठेवली. मग आईबद्दल सांगितलं. अर्ध्यात थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगून टाकलं.

काकांनी पेचकस खाली ठेवला. चष्मा पुसला. दुसऱ्याचा चष्मा होता, तरी पुन्हा पुसला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सात आठवडे."

"त्याआधी?"

"त्याआधी नव्हतं माहीत. देवाशपथ."

"त्याआधीचं मी समजू शकतो. आम्ही विचारलं नाही, तुला ठाऊक नव्हतं. ते आमच्या पदरात." काकांचा आवाज अगदी शांत होता आणि तेच वाईट होतं. "पण सात आठवडे तू रोज माझ्याशेजारी उभा राहिलास. मी फोन करायचो आणि तू निघालो म्हणायचास."

"मी आलो नसतो तर तुम्हाला गप्प बसावं लागलं असतं, काका."

"बसलो असतो. किंवा कुणाच्या तरी पाया पडून माणूस आणला असता. किंवा आणखी काही. पण ते मी ठरवायचं होतं. माझी आई होती. तू माझ्या वतीने ठरवून टाकलंस."

प्लंबरने सात आठवडे दोन्ही बाजूंचा विचार केला होता, आणि ही तिसरी बाजू त्याला एकदाही दिसली नव्हती.

"जा," काका म्हणाले. पिशवीला त्यांनी हात लावला नाही. प्लंबर दाराबाहेर गेला तरी ती काउंटरवर तशीच पडून होती.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला फोन वाजला नाही. प्लंबर मात्र जागा झाला. एक पाय जमिनीवर, दुसरा पांघरुणात, असा तो सहापर्यंत बसून राहिला.

"झोपा आता," बायको म्हणाली. "सुटलात."

झोप येईना. रविवारीही तेच. इतके महिने त्याला वाटलं होतं, की तो फोनमुळे अडकलाय. आता फोन नव्हता आणि घरातल्या घरात कुठे उभं राहायचं हेच त्याला कळत नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी तो चहा करायचा आणि तो निवू द्यायचा. मंगळवारी वर्गाला गेला तेव्हा टॅक्सीवाल्याने त्याला कोपऱ्यात गाठलं.

"मला तुमच्या खांबाशी उभं करतात. आमेन नेमकं कुठे म्हणायचं मला कळत नाही. मी काल दोनदा मध्येच म्हटलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी सिग्नल तोडलाय."

"काका काही म्हणाले का? माझ्याबद्दल?"

"नाही. पण ती मखमली पिशवी ते रोज आणतात. मला दिली नाही. बाकावर ठेवतात आणि घरी घेऊन जातात."

त्या मंगळवारी बाईंनी प्लंबरला एक नवी वही दिली, मुलांच्या वहीपेक्षा जाड. "पहिलं पान," त्या म्हणाल्या. "इथून सुरुवात. बायकोला विचारलंत?"

त्याने विचारलं होतं. बायको म्हणाली होती, "ते तिघे मला काय विचारणार? मी सांगेन, माणूस चांगला आहे, फक्त घरी नसतो."

*

गाडी दहा वाजताची होती. नातवाला बघायला दोघांनी आठ दिवसांसाठी जायचं ठरलं होतं, आणि टॅक्सीवाला स्टेशनवर सोडणार होता. पिशव्या दाराशी होत्या. साडेपाचला प्लंबर उठून, तोंड धुऊन, बूट घालून खुर्चीत बसला होता, कशासाठी ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

फोन वाजला.

"बेसिनचा नळ गळतोय," पलीकडून काका म्हणाले.

"निघालो."

"खोटं बोलतोयस."

"नाही, काका. बूट घातलेत."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

तो पोचला तेव्हा दार अर्धं उघडं होतं. आत किल्लीवाले आपली ओळ पुटपुटत होते. प्लंबर बेसिनपाशी गुडघ्यावर बसला. नळातून थेंब पडत होता, दोन श्वासांना एक. वॉशर त्यानेच दहा महिन्यांपूर्वी घातला होता. तो वॉशर निदान चार वर्षं जायला नको होता. त्याने नळाची मूठ काढायला पेचकस लावला आणि थांबला. मुठीवरच्या पितळी स्क्रूच्या खाचेभोवती नवे ओरखडे होते, केसासारखे बारीक, पाच-सहा. कुणीतरी फार लहान पेचकस लावला होता, आणि तो पुन्हा पुन्हा घसरला होता. मूठ काढली, तर तिच्याखालचा नट एका आट्याने सैल होता. त्यावर पकडीचे दात उमटले होते. पकड धरायची सवय नसलेल्या माणसाचे.

प्लंबरने नट आवळला. थेंब थांबला. मूठ मात्र त्याने लगेच बसवली नाही.

आत दहावा शब्द टॅक्सीवाल्यावर पडला. प्रार्थना सुरू झाली. प्लंबर उंबऱ्याच्या बाहेर, पान्हा मांडीवर ठेवून बसून राहिला. आता त्याला ओळी ओळखू येत होत्या. कुठलं पान चालू आहे हे पुस्तक न बघता कळत होतं. मग काकांचा एकट्याचा आवाज आला. चिरकायची जागा आली, आणि तिथे तो चिरकला. त्यानंतर सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं, आणि ते कुणालाही म्हणता येतं, त्याला आई विचारावी लागत नाही. बाईंनी मुलांना हे दुसऱ्याच धड्यात शिकवलं होतं. प्लंबरने ते म्हटलं. बरोबर जागी म्हटलं. टॅक्सीवाल्याने त्याचं ऐकून अर्ध्या क्षणाने म्हटलं.

प्रार्थना संपल्यावर काका बाहेर आले. त्यांनी नळाखाली हात धरले. प्लंबरने मूठ बसवून पाणी सोडलं.

"वॉशर गेला होता?" काकांनी विचारलं.

"नाही. नट सैल झाला होता."

"आपोआप?"

"जुन्या नळांचं होतं असं."

काका रुमालाने एकेक बोट पुसत राहिले. "मी अजून विसरलेलो नाही," ते म्हणाले.

"हो, काका."

"आणखी पाच आठवडे आहेत माझे. टॅक्सीवाल्याला कळत नाही. तू दाराशी बसून म्हटलंस तर त्याला कळतं." रुमाल त्यांनी खिशात घातला. "पिशवी माझ्याकडे आहे. तिची वेळ येईल तेव्हा बघू. टॅक्सीवाला म्हणाला, तू गावाला चाललास. किती दिवसांसाठी जातोयस?"

"आठ."

"म्हणजे एक मंगळवार बुडतो. बाईंना सांगितलंस?"

"सांगितलंय. दोन धडे बरोबर दिलेत त्यांनी."

काका मान हलवून आत गेले.

टॅक्सीत बायको मागे पिशव्यांमध्ये बसली होती. तिने त्याच्या ओल्या बाह्या आणि हातातला पान्हा पाहिला.

"सुटलात का एकदाचे?"

प्लंबरने पान्हा पायांशी ठेवला, जाड वही मांडीवर घेतली आणि खिशात पेन्सिल चाचपली. "परतीचं तिकीट सोमवारचं निघतंय का बघ," तो म्हणाला. "मंगळवारी पहाटे साडेपाचच्या आत पोचणारी गाडी."